मुद्दाम बिघडवलेली गाडी

खोक्यात गाडी नव्हती, तीन गाड्यांची हाडं होती. परदेशी शिकायला निघालेल्या एका मुलाने खोली रिकामी करताना ते खोकं विकायला काढलं आणि मी ते अडीच हजारांना उचललं. दोन एक्सल, एक गिअरबॉक्स, तेल गळून कोरडे पडलेले चार शॉकअप, चंदेरी डब्याची एक मोटर, जुने टायर, आणि तळाशी पिशवीभर सुटे स्क्रू आणि गिअर. मुलगा प्रामाणिक होता. पैसे घेण्याआधी म्हणाला, “काका, एक सांगून ठेवतो. पुढचा डिफरन्शिअल गेलाय. आतल्या गिअरचा दात तुटलाय.”

मी चेहरा पाडला आणि दोनशे रुपये कमी करून घेतले. हे बरं केलं नाही, कारण तो डिफरन्शिअल मला असाही बिघडवायचाच होता.

रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी हातभर लांबीची चारचाकी. तिचं काम पळणं नव्हे, दगडावर चढणं. खऱ्या जीपच्या एकदशांश मापाची, दोन-अडीच किलो वजनाची ही गाडी बघायला खेळण्यासारखी दिसते, पण ती बांधायला बसलं की डोकं उलटं चालवावं लागतं. चांगल्या मोटारीच्या अंगी जे गुण असावेत असं आपण समजतो (वेग, हलकं अंग, वळणावर चाकांनी एकमेकांना सांभाळून घेणं, टायरात टणक हवा) ते सगळे इथे एकेक करून काढून टाकायचे असतात. म्हणूनच जुन्या, थकलेल्या सुट्या भागांशी या छंदाचं इतकं जमतं. निम्मा बिघाड कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो.

मुळात हा छंदच मोडतोडीतून जन्मलेला. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या वाटांवर लोक खऱ्या जीप घेऊन मोठमोठ्या धोंड्यांवरून माणसाच्या चालीपेक्षा हळू जातात. त्याची नक्कल छोट्या गाडीत करावी असं काहींच्या मनात आलं, तेव्हा बाजारात तशी गाडी नव्हतीच. होता तो तामिया या जपानी कंपनीचा ‘क्लॉड बस्टर’ नावाचा मॉन्स्टर ट्रक, १९८७ पासून मिळणारा. त्याची रचना चमत्कारिक होती: मोटर मधोमध बसवण्याऐवजी प्रत्येक एक्सलवर एक, अशा दोन मोटरी, आणि पुढची-मागची चारही चाकं वळणारी. म्हणजे नुसता एक्सल काढून घेतला तरी त्याच्याबरोबर मोटर, गिअर आणि स्टिअरिंग आपसूक हाती येई. लोकांनी ट्रक बाजूला टाकला, एक्सल ठेवले, आणि मध्ये पट्ट्या-पत्र्यांचा घरगुती सांगाडा ठोकला. कारखान्यातून क्रॉलर म्हणूनच बाहेर पडलेली ॲक्सियलची ‘एएक्स-१० स्कॉर्पियन’ आली ती २००७-०८च्या सुमारास. तोवर क्रॉलर हवा तर बहुतेकदा दुसरी एखादी गाडी मोडणं भाग होतं.

तर, डिफरन्शिअल. मोटारीतली इतकी देखणी यंत्रं थोडी असतील. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. डिफरन्शिअल दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो आणि तरी दोघांनाही जोर देत राहतो. पण त्याची एक अट असते, दोघांना तो जोर कायम सारखाच देतो. बैलगाडीचं जू डोळ्यांपुढे आणा. जू मधोमध दांडीला जखडलेलं असतं. एका बैलाने ओढणं सोडलं की जू तिरकं होतं, आणि दुसऱ्याने कितीही जोर लावला तरी गाडी हलण्याऐवजी जूच फिरत जातं. दोघांत जो कमी ओढेल त्याच्या मापाने गाडीला ओढ मिळते.

आता दगडावर गाडीचं एक चाक हवेत लटकलंय असं समजा. हवेतलं चाक फिरवायला जोर जवळजवळ लागत नाही. म्हणून दगडाला टेकलेल्या चाकालाही जवळजवळ शून्यच मिळतो. हवेतलं चाक भिंगरीसारखं गरगरतं आणि ज्याच्यावर सगळी मदार ते ढिम्म. पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी ज्याने ढकलली आहे त्याने हे दृश्य पाहिलेलं असतं, चेहऱ्यावर चिखल झेलत.

चंद्रावर हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला. २०२३ साली चांद्रयान-३ मधून उतरलेल्या २६ किलोच्या ‘प्रज्ञान’ला सहा चाकं होती आणि प्रत्येकाला स्वतःची मोटर. चाकांमध्ये जोराची वाटणीच नाही, तर भांडण कसलं? माझ्याकडे मोटर एकच. त्यामुळे उपाय गावठी: डिफरन्शिअलच्या आतले छोटे गिअर एकमेकांत कायमचे जाम करून टाकायचे. मग दोन्ही चाकं एकाच सळईवर ठोकल्यासारखी एका गतीने फिरतात आणि ज्याला पकड मिळेल ते सगळा जोर घेतं.

मी डिफरन्शिअलचं घर उघडलं. आत काळपट ग्रीस, त्यात धातूचा चुरा, आणि त्या चुऱ्यात तो तुटका दात. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं लख्ख केलं. आधी ग्लू-गनचा गोंद भरून पाहिला. पहिल्याच दगडावर तो कटकन सुटला. मग दोन रंगांची एपॉक्सी पुट्टी मळून गिअरांच्या फटींत अंगठ्याने दाबून बसवली आणि रात्रभर ठेवून दिली. तुटक्या दाताचा गिअरही त्यातच पुरला. गिअर एकमेकांवर फिरणारच नसतील तर दात दहा आहेत की नऊ, याची चौकशी कोण करतो? किंमत मात्र मोजावी लागते. अशी गाडी फरशीवर वळवली की पुढची चाकं घासटत कुरकुरतात आणि वळणाचा घेर मोठा होतो. दगडावर ते चालतं. तिथे तसंही चाक थोडं घसरूनच वळतं.

मोटरची गोष्ट मला सगळ्यात आवडते.

खोक्यातली मोटर ५४० मापाची, म्हणजे ३६ मिलिमीटर व्यासाच्या डब्यातली होती. आत तीन शिंगांचा लोखंडी गाभा, प्रत्येक शिंगावर तांब्याच्या तारेचे २७ वेढे. बॅटरीला जोडली की मिनिटाला सुमारे १६ हजार फेरे. शर्यतीच्या गाडीला ठीक, क्रॉलरला निरुपयोगी. हळू मोटर नवी मिळते, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि मला ते उगाच खुणावत होतं. दुकानातल्या काकांचं आयुष्य विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी भरण्यात गेलेलं. मी ती मूठभर मोटर काउंटरवर ठेवली.

“हिला भरून काय करणार साहेब? भरायच्या पैशात नवी येईल.”

“हळू करायची आहे, काका.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “हळू?”

“हळू, पण नेटाची.”

“मग वेढे वाढवा,” ते म्हणाले. बाजारभाव सांगावा इतक्या सहज.

वेढे वाढवले की मोटर मंद का होते, हे समजलं तेव्हा मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. आपल्याला वाटतं की मोटर वीज खाते आणि फिरते. पण चुंबकांच्या मध्ये तांब्याची तार फिरवली की तिच्यात वीज तयार होते, जनित्र तेच करतं. आणि मोटरच्या आतही नेमकं तेच घडत असतं. फिरू लागल्या क्षणापासून ती बॅटरीच्या उलट दिशेने स्वतःची वीज तयार करायला लागते. वेग वाढतो तशी ही उलटी वीजही वाढते, आणि ती बॅटरीच्या दाबाला भिडली की वेग वाढायचं थांबतं. मोटर वेग पकडते आणि स्वतःच स्वतःला आवरते. आता वेढे दुप्पट केले, तर तेवढीच उलटी वीज निम्म्या वेगातच तयार होते. म्हणून वेगाची मर्यादा निम्म्यावर येते. आणि त्याच दुप्पट वेढ्यांमुळे तेवढ्याच विद्युतप्रवाहात चुंबकाची ओढ दुप्पट मिळते. वेग देऊन ताकद घेतली, रोखठोक व्यवहार.

काकांनी डब्याच्या दोन पाकळ्या उचकटून गाभा बाहेर काढला, जुनी तार सोडवली आणि २६ गेजची बारीक तार भरायला घेतली. जाड तारेचे ५५ वेढे त्या जागेत मावलेच नसते. ते तोंडाने आकडे मोजत नव्हते. बोटं मोजत होती. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी पंपाच्या कपॅसिटरवरून हुज्जत झाली, आणि तरी तिन्ही शिंगांवर ५५ भरले. पैसे घेताना म्हणाले, “चालली नाही तर आणा. चालली तर दाखवायला आणा.”

आता या गाडीचा वेग किती? सोपा हिशोब आहे. नव्या वेढ्यांची मोटर मिनिटाला साधारण ८ हजार फेरे घेते. तिच्या टोकाचा गिअर १४ दातांचा, त्याला लागलेला ८७ दातांचा: इथे वेग ६.२ पटींनी उतरतो. गिअरबॉक्समध्ये आणखी २.६ पट, एक्सलमध्ये २.९ पट. गुणाकार केला तर जवळपास ४७. म्हणजे मोटरचे ४७ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. चाक ११ सेंटीमीटरचं, घेर साडेचौतीस सेंटीमीटर. उत्तर येतं ताशी साडेतीन किलोमीटर, आणि तेही मोकळ्या सपाटीवर, अंगठा पूर्ण दाबून. टेकडीवर सकाळी फिरायला येणारे आजोबा हिला मागे टाकून जातात. पण वेग ४७ पटींनी उतरतो तसा जोर, घर्षणाचा वाटा वजा जाता, त्याच पटीने चढतो. मुठीत मावणारी मोटर चाकापाशी पोचते तोवर अडीच किलोची गाडी भिंतीवर चढवू पाहत असते.

चढणं एक वेळ सोपं. अर्ध्या चढावर थांबून राहणं अवघड. या गाडीला ब्रेकच नाही. ना ब्रेकशू, ना डिस्क. तरी अंगठा सोडला की ती दगडावर चिकटून राहते.

हे हाताने अनुभवण्यासारखं आहे. कुठल्याही मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर घ्या आणि तिचा दांडा चिमटीत धरून फिरवा, हलका फिरतो. आता तिच्या दोन्ही तारांची टोकं एकमेकांना जोडा आणि पुन्हा फिरवा. दांडा जड झालेला असतो, मधात बुडवल्यासारखा. कशालाही स्पर्श झालेला नाही, आत काही अडकलेलं नाही. तीच उलटी वीज आता बंद वाटेतून फिरते आणि तिच्यामुळे निर्माण होणारं चुंबकत्व तुमच्या बोटांना विरोध करतं. गाडीतला ईएससी, म्हणजे वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी, अंगठा सुटताच हेच करतो: मोटरची दोन टोकं आतून जोडून टाकतो. त्यात एक तिरपागडी बाब आहे. मोटर फिरत असेल तोवरच हा विरोध असतो. पूर्ण थांबलेल्या मोटरला हा ब्रेक नसतो. मग गाडी थांबते कशी? चुंबकांपुढे लोखंडी शिंगं ठरावीक जागी अडखळतात, शिवाय गिअरांचं घर्षण, आणि या दोन्हींना चाकापाशी येताना ४७ पटींचं बळ. फारच उभ्या चढावर गाडी तासकाट्याच्या चालीने खाली सरकते. बघत बसलं तर दिसत नाही, चहा पिऊन आलं तर दिसतं.

सुट्या भागांच्या भाषेबद्दल दोन शब्द, कारण जुन्या सामानातून गाडी जुळवताना खरा वेळ तिथे जातो. चाकाला बसणारा षटकोनी तुकडा १२ मिलिमीटरचा. यावर बहुतेक कंपन्यांचं एकमत आहे आणि त्या एकमतावर अर्धा छंद उभा आहे. कुणाचंही चाक कुणाच्याही एक्सलवर चढतं. पण स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या, म्हणजे सर्वोच्या, दांड्यावरच्या खाचा बघा: एका कंपनीच्या २५, दुसरीच्या २४, तिसरीच्या २३. फरक डोळ्यांना दिसत नाही. पाती बसवताना अर्ध्यात अडकते तेव्हा कळतो. गिअरांत तर इंच आणि मिलिमीटर यांचं जुनं वैर. अमेरिकी ३२ पिच आणि जपानी ०.८ मॉड्यूल यांच्या दातांमधलं अंतर केवळ ०.०२ मिलिमीटरने वेगळं, त्यामुळे ते एकमेकांत गुण्यागोविंदाने फिरतात. ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल मात्र जुळल्यासारखे वाटतात आणि दहा मिनिटांत एकमेकांचे दात खाऊन टाकतात. माझ्या पिशवीत दोन्ही होते. एक ८७ दातांचं चाक मी या अज्ञानात गमावलं.

जुनं काय घेऊ नये, हेही सांगतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी जुनी घेऊ नये, फुगलेली तर हातातही धरू नये. आणि टायर. पाच वर्षं माळ्यावर पडलेल्या रबरात नख रुतत नाही; त्याचं मऊपण निघून गेलेलं असतं आणि ते परत आणता येत नाही. खोक्यातले टायर मी रुजवणाच्या कुंड्यांखाली ठेवले आणि गाडीसाठी नवे, मऊ घेतले. या टायरांत हवा दाबून भरलेली नसते. आत फोमचं कडं असतं आणि रिमला बारीक भोक, म्हणजे दाबलं की टायरातली हवा बाहेर जावी आणि टायर दगडाच्या आकारात मोडून बसावा. फोम मी जुन्या गादीचा कापून घातला.

दगडावर रबर काय करतं? शाळेत शिकलो की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकडाच्या ठोकळ्यापुरतं ते खरं आहे. रबर हा नियम पाळत नाही. ते इतकं मऊ असतं की दगडाच्या बारीक खाचाखळग्यांत शिरून बसतं. जितकं पसरून बसेल तितकी पकड वाढते. ४५ अंशांच्या चढावर नुसतं उभं राहायलाही घर्षणाचा गुणांक १ लागतो, ६० अंशांवर १.७ च्या वर. गुळगुळीत फरशीवर हे कठीण. पण सह्याद्रीचा काळा दगड गुळगुळीत कुठे असतो? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि आज तो फुटतो तिथे अंगावर देवी आल्यासारख्या खळ्या दिसतात. टायरची बोटं त्या खळ्यांत अडकतात. ज्या खळ्या पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरून गेल्या, तिथे मात्र चाक सटकतं. मी आता दगड बघून वाट निवडतो: काळी खळी शोधायची, पांढरा ठिपका टाळायचा.

पकड असूनही गाडी पालथी पडू शकते, आणि पहिल्या महिन्यात माझी रोज पडत होती. मागच्या चाकांवर उभी राहून पाठीवर, एखाद्या कासवासारखी. कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पुढची चाकं काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या वहीवर. मग उलट. आकडे आले: पुढे ११५० ग्रॅम, मागे १२५०. चढावर गाडी तेव्हाच उलटते जेव्हा तिच्या वजनाच्या मध्यबिंदूतून सरळ खाली सोडलेली रेघ मागच्या चाकांच्या टेकूपलीकडे जाते. म्हणून हा बिंदू जितका पुढे आणि जितका खाली, तितकं बरं.

पहिलं काम, बॅटरी मागून काढून पुढच्या एक्सलच्या डोक्यावर आडवी बांधली. दुसरं, टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायच्या चिकट शिशाच्या पट्ट्या आणल्या, ६० ग्रॅमची एक, आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या आत दोन-दोन चिकटवल्या. (शिसं हाताळल्यावर हात धुवावेत, आणि मुलांच्या हाती देऊ नये.) टायरवाला विचारत होता, “कुठली गाडी?” मी बोटांनी माप दाखवलं. त्याने पैसे घेतले नाहीत.

मोटारकारखान्यातल्या माणसाला चाकात शिसं भरलेलं दाखवलं तर तो कपाळावर हात मारेल. चाक हलकं असावं म्हणून तिथे लाखो रुपये घालतात, कारण वेगात खड्ड्यावर उसळलेलं जड चाक आवरत नाही. इथे वेगच नाही, उसळायचं कुणी? जमिनीला सगळ्यात जवळचा भाग चाक, म्हणून वजन तिथेच. पुन्हा काटा लावला: पुढे सुमारे १५४०, मागे ११००. दोन एक्सलांमधलं अंतर ३१३ मिलिमीटर धरून त्रिकोण मांडला तर उलटण्याचा कोन ५८ अंशांवरून ६६ वर गेला. प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, चढावर मागचे शॉकअप दबतात आणि गाडी ढुंगणावर बसते. पण चार-पाच अंशही पुष्कळ असतात. जिथे ती रोज पडायची त्या दगडावरून ती दुसऱ्या दिवशी पहिल्याच झटक्यात वर गेली, आणि मला उगाच लाज वाटली, की महिनाभर मी मोटरला शिव्या देत होतो.

एक खोड अजून शिल्लक आहे. जोर दिला की गाडीचा एक खांदा किंचित वर उचलला जातो. प्रोपेलर शाफ्ट एक्सलला पिळतो, तेव्हा एक्सलही गाडीच्या अंगाला उलटा पीळ देतो. एका बाजूला जरा कडक स्प्रिंग घालून मी ती निम्मी केली आहे. उरलेली निम्मी राहू दिली, तेवढा स्वभाव असावा.

आणि गाडी पडली तर मोडत का नाही? फूटभर उंचीच्या दगडावरून कोलांट्या खात ती खाली येते, मी सरळ करतो, ती चालू लागते. खरी जीप तिच्या मानाने तेवढ्या, म्हणजे दहा फुटांवरून पडली तर भंगारात जाईल. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या पुस्तकात याचं उत्तर लिहून ठेवलं आहे. लांबी एकदशांश केली की दांड्याचा छेद, म्हणजे त्याची ताकद, शंभराव्या हिश्श्यावर येते. पण वजन हजाराव्या हिश्श्यावर. दोन टनांची जीप दोन किलोची होते आणि वजनाच्या मानाने दहापट चिवट होते. मुंगी छपरावरून पडून चालू लागते, त्याच हिशोबात माझी गाडी थोडी अलीकडे बसते.

आकार लहान झाला की काळही बदलतो, हे मला फोनवर चित्रीकरण करताना कळलं. एक मीटर पडायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. दहा सेंटीमीटर पडायला त्याचा तिसराही हिस्सा नाही. म्हणून छोट्या गाडीचं डुलणं, आदळणं सगळं चुटचुटीत, खेळण्यासारखं दिसतं. तेच स्लो-मोशनमध्ये, साधारण तीनपट मंद करून बघितलं की अचानक दोन टनांचं धूड दगडावर श्वास घेत झुलतंय असं वाटतं. सिनेमावाले लहान मॉडेलांची दृश्यं याच युक्तीने घेत आले आहेत.

परवा पहाटे वेताळ टेकडीवर जुन्या खाणीपाशी गेलो होतो. खाणीच्या कडेला एक धोंडा आहे, कमरेएवढा, वरून जरा पुढे झुकलेला. दोन महिने मी त्याच्या मागे आहे. गाडी अर्ध्यावर पोचली. मागची दोन चाकं एका खळीत, पुढचं उजवं दगडाच्या ओठावर, डावं पूर्ण हवेत. मी अंगठा अगदी थोडा, केसभर दाबून ठेवला होता. टायरचं एकेक बोट दुमडत होतं, उलगडत होतं. बाकी काही हलत नव्हतं.

काठी घेऊन फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले. “बंद पडली का हो?”

“नाही, चढतेय.”

ते उकिडवे बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काठीच्या टोकाने, स्पर्श न करता, हवेतल्या चाकाकडे खूण केली.

“मी एसटीत मेकॅनिक होतो, तीस वर्षं. हे चाक हवेत आहे ना, हे गरगर फिरायला पाहिजे होतं. ते त्या टेकलेल्या चाकाच्याच चालीने फिरतंय.” त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “डिफरन्शिअल जाम झालाय तुमचा.”

“हो,” मी म्हणालो. “मीच केलाय.”